मालाबरोबर येणारी कीड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

परदेशातून मालासोबत येणाऱ्या झाडांच्या किडी आणि रोगांबद्दल मागच्या अंकात थोडं लिहिलं होतं, त्यावर खूप प्रश्न आले. सगळे घेता येणार नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, त्याला इलाज नाही, विषयच तसा आहे.

प्रश्न : हे ‘जोखीम मूल्यांकन’ म्हणजे नक्की काय करतात? कीड येईल की नाही हे आधीच कसं सांगणार, शेवटी अंदाजच ना?

अंदाजच आहे, पण शिस्तीत केलेला. त्यासाठी आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार आहे, 1951 चा, आणि त्याखाली ठरलेली मानकं आहेत. त्यात ढोबळमानाने चार गोष्टी विचारतात. कीड त्या मालातून आत येऊ शकते का? आली तर तिला तिथे खायला झाड आणि जगायला हवामान मिळेल का? रुजली तर किती वेगाने आणि कशाने पसरेल? आणि पसरली तर नुकसान किती?

आता हेच एका खऱ्या किड्यावर लावून बघूया, म्हणजे नीट कळेल. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगा आहे, जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर लांब, मूळचा ईशान्य आशियातला. त्याची अळी अ‍ॅश झाडाच्या, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका पानगळीच्या झाडाच्या, सालीखाली नागमोडी बोगदे करत फिरते आणि अन्नरस वाहून नेणारा थर कापत जाते, झाड वरून खाली वाळत येतं आणि दोन-चार वर्षांत मरतं. भुंगा बाहेर पडला की सालीवर इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं छोटंसं भोक राहतं, तीन-चार मिलिमीटरचं, आणि बाहेरून दिसणारी खूण म्हणजे जवळपास तेवढीच. 2002 मध्ये तो अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सापडला. नंतर मेलेल्या झाडांची वर्षवलयं तपासली तेव्हा कळलं की तो 1990 च्या दशकातच आलेला होता, बहुधा पॅकिंगच्या लाकडातून.

आता ते चार प्रश्न लावा. आत येणं, तर अळी लाकडात आणि सालीखाली महिनोन्‌महिने जिवंत राहते, म्हणजे शक्य. जगणं, तर हवामान जुळणारं आणि अ‍ॅशची झाडं रस्तोरस्ती, म्हणजे अगदी सोपं. पसरणं, तर भुंगा स्वतः बहुतेक वेळा फार लांब जात नाही पण माणसं जळाऊ लाकूड गाडीत टाकून शेकडो किलोमीटर नेतात आणि त्यासोबत तोही जातो. नुकसान, तर तिकडच्या अ‍ॅशमध्ये त्याच्याशी लढायची ताकदच नव्हती, कारण त्या दोघांची आधी कधी गाठच पडलेली नव्हती. कोट्यवधी झाडं गेली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने लाकडाच्या वाहतुकीवर घातलेली बंदी शेवटी 2021 मध्ये उठवली, कारण तिने पसरणं थांबत नव्हतं.

हे सगळं आता मागे वळून सांगणं सोपं आहे, पण मुद्दा असा की 2002 च्या आधी हा भुंगा कुणाच्या धोक्याच्या यादीत वर नव्हताच, मायदेशी तो फारसा त्रास देत नव्हता म्हणून त्याच्यावर अभ्यासही जेमतेम होता. म्हणून मी सारखं म्हणते की किडीच्या नावावरून धोका मोजू नका, वाटेवरून मोजा. कुठला माल, कुठून, किती, कुठल्या अवस्थेत येतोय, त्यात लाकूड किंवा साल किंवा माती किंवा जिवंत झाड आहे का, आणि तो उतरतो तिथे जवळ काय उगवतंय. एवढं कळलं की किडीचं नाव माहीत नसतानाही बरंच काही सांगता येतं.

प्रश्न : बऱ्याच ठिकाणी किडीला गुण देतात, म्हणजे येण्याची शक्यता 1 ते 5, नुकसान 1 ते 5, आणि गुणाकार. हे विश्वासाचं आहे का?

क्रम लावायला उपयोगी आहे, निर्णय घ्यायला एकटं पुरेसं नाही. बघा ना, शक्यता 5 आणि नुकसान 1 असलेली कीड आणि शक्यता 1 आणि नुकसान 5 असलेली कीड, दोघींचा गुणाकार 5. पहिली म्हणजे पानावर चार ठिपके पाडणारी, दुसरी म्हणजे अख्खी जातच संपवणारी, आणि कागदावर दोघी बरोबरीला. पहिलीच्या बाबतीत चूक झाली तर सुधारता येते, दुसरीच्या बाबतीत येत नाही. म्हणून गुणांच्या शेजारी दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात असं माझं ठाम मत आहे, एक म्हणजे आपली खात्री किती आहे आणि दुसरी म्हणजे नुकसान भरून येण्यासारखं आहे का. चांगल्या मूल्यांकनात अनिश्चितता वेगळी नोंदवतात, पण वरिष्ठांच्या टेबलावर जाईपर्यंत ती गळून पडते आणि नुसता आकडा उरतो, ते फार वाईट.

प्रश्न : मी मशिनरी आयात करणाऱ्या कंपनीत काम करतो. आमच्या सगळ्या लाकडी पॅलेटवर (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटींवर) ट्रीटमेंटचा शिक्का असतो. म्हणजे आम्ही सेफ ना?

बऱ्यापैकी सेफ, पूर्ण नाही. आधी हा शिक्का आला कुठून ते सांगते. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मॅपल झाडांच्या खोडावर बोटाएवढी गोल भोकं दिसायला लागली, ती निघाली आशियाई लांब शिंगांच्या भुंग्याची, आणि तो आला होता पॅकिंगच्या कच्च्या लाकडातून. दोन वर्षांनी शिकागोत सापडला. मग 2002 मध्ये लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्याचा नंबर 15. त्यातली सगळ्यात जास्त वापरातली पद्धत म्हणजे लाकूड तापवणं, आणि इथे नीट लक्ष द्या, लाकडाच्या अगदी गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियस तापमान सलग 30 मिनिटं टिकलं पाहिजे. भट्टीतली हवा 56 झाली म्हणजे झालं असं नाही, जाड फळीचा गाभा तापायला खूप जास्त वेळ लागतो, आणि गडबड होते ती इथेच. शिवाय साल काढलेली हवी. थोडी साल राहिली तर चालते पण तिचा तुकडा 3 सेंटिमीटरपेक्षा अरुंद हवा, आणि रुंद असेल तर एकूण 50 चौरस सेंटिमीटरच्या आत. साल का, तर लाकूड तापवून झाल्यावरसुद्धा रुंद साल राहिली तर काही भुंगे त्यात परत येऊन अंडी घालू शकतात.

शिक्क्यात गव्हाच्या कणसाचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा नंबर आणि ट्रीटमेंटचा कोड असतो. पुसट असेल, अर्धवट असेल, किंवा फळ्या बदलून दुरुस्त केलेल्या पॅलेटवर जुनाच शिक्का असेल, तर सांभाळा.

आता उपयोग किती झाला? अमेरिकेतल्या आकडेवारीवर 2014 मध्ये आलेल्या अभ्यासात किडके पॅकिंग सापडण्याचं प्रमाण नियमानंतर साधारण 36 ते 52 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. खूप चांगलं आहे, पण शून्य नाही. आणि इथे प्रमाणापेक्षा संख्या महत्त्वाची असते. समजा हजारात एक पॅलेट किडका आहे, ऐकायला काहीच नाही वाटत, पण वर्षाला दहा लाख पॅलेट येत असतील तर एक हजार किडके पॅलेट आत आले. त्यातल्या बहुतेकांमधली कीड मरून जाईल, जोडीदार मिळणार नाही, झाड मिळणार नाही. पण दरवर्षी हजार वेळा फासे टाकले जातायत. म्हणून व्यापार दुप्पट झाला की प्रमाण निम्मं करूनसुद्धा आपण होतो तिथेच राहतो.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. उतरवलेले पॅलेट महिनोन्‌महिने कुंपणापाशी झाडाखाली रचून ठेवू नका. लाकडाजवळ बारीक भुसा पडलेला दिसला, ताजी भोकं दिसली, तर ते लाकूड हलवू नका, झाका आणि संगरोध (क्वारंटाइन) विभागाला कळवा. आणि पुरवठादाराशी बोलून प्लायवूडच्या किंवा प्लास्टिकच्या पॅलेटवर जाता आलं तर उत्तमच, कारण प्लायवूड बनतानाच गोंद, उष्णता आणि दाबातून जातं म्हणून ते या नियमात धरलेलंच नाही.

प्रश्न : आमच्या मालात लाकूड नाही, झाड नाही. दगड आणि फरश्या आहेत. मग आमची तपासणी कशाला?

अंड्यांसाठी. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा रस शोषणारा किडा 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला आणि तो दगडांच्या खेपेवर चिकटलेल्या अंड्यांमधून आला असावा असं मानतात. त्याचा अंडीपुंज म्हणजे वाळलेल्या चिखलाचा फराटाच, माहीत नसेल तर कुणीही ओलांडून पुढे जाईल, आणि त्यात 30 ते 50 अंडी. गाड्या, कंटेनरच्या बाहेरच्या भिंती, जहाजाचा डेक, काही किड्यांना अंडी घालायला कुठलाही टणक पृष्ठभाग चालतो.

प्रश्न : नर्सरीची रोपं तर सर्टिफिकेट घेऊन येतात, कुणीतरी बघूनच सही केलेली असते. मग जिवंत रोपांना तुम्ही सगळ्यात धोकादायक का म्हणता?

कारण जिवंत रोप म्हणजे किडीसाठी प्रवासाचं वाहनही आणि पोहोचल्यावर राहायला घरही. लाकडातला किडा उतरल्यावर त्याला झाड शोधावं लागतं, रोपातला रोग झाडासकट उतरतो आणि आपण त्याला खड्डा खणून, पाणी घालून, जपून लावतो. अमेरिकेत 1860 ते 2006 या काळात स्थिरावलेल्या आणि जंगलांचं नुकसान करणाऱ्या परदेशी किडी-रोगांचा 2012 मध्ये हिशोब मांडला गेला तेव्हा त्यातले जवळपास 70 टक्के बहुधा जिवंत रोपांबरोबर आलेले निघाले.

आता सही कशी होते ते बघा. समजा दहा हजार रोपांची खेप आहे आणि त्यातली 1 टक्का रोगट आहेत, म्हणजे शंभर. अधिकारी 50 रोपं नीट तपासतो. त्या पन्नासात एकही रोगट न येण्याची शक्यता 60 टक्के निघते, म्हणजे दहापैकी सहा वेळा खेप ‘स्वच्छ’ म्हणून पुढे जाणार, कुणाचीही लबाडी नसताना. 95 टक्के खात्री हवी तर साधारण 300 रोपं बघावी लागतात. आणि हे कधी, तर रोगट रोप समोर आल्यावर ते शंभर टक्के ओळखता येतं असं धरून. प्रत्यक्षात दोनातलं एकच ओळखू येत असेल तर तीच खात्री मिळवायला 600 रोपं तपासायला लागतात. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, कारण सगळी शितं सारखी शिजलेली नाहीत, रोग एका कोपऱ्यातल्या दोन ट्रेमध्ये असतो आणि बाकी खेप ठणठणीत असते.

आणि ओळखू येणं हीच मुळात अडचण आहे. झायलेला हा जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये राहतो, 600 हून जास्त जातींच्या झाडांमध्ये तो सापडलाय आणि त्यातल्या कितीतरींमध्ये लक्षणंच दिसत नाहीत. इटलीच्या पुलिया भागात 2013 मध्ये ऑलिव्हची झाडं वाळण्याचं कारण तोच निघाला, आणि जनुकीय तपासणीत त्याचा माग मध्य अमेरिकेकडे, कोस्टा रिकातून आलेल्या कॉफीच्या शोभेच्या रोपाकडे जातो. म्हणजे शोभेचं एक कॉफीचं झाड आणि मरतायत शेकडो वर्षं जगलेली ऑलिव्हची झाडं. मला या एका उदाहरणाचा फार त्रास होतो, कारण रोप बघणाऱ्या माणसाने डोळ्यात तेल घालून बघितलं असतं तरी त्याला काही दिसलं नसतं.

कुंडीतल्या मातीत फायटॉफ्थोरा गटातले, बुरशीसारखे पण खरी बुरशी नसलेले, सूक्ष्मजीव असतात ते वेगळंच. नर्सरीत बुरशीनाशकं मारतात तेव्हा त्यातली बरीच औषधं ह्यांना मारत नाहीत, नुसती गप्प बसवतात, रोप हिरवंगार दिसतं, सर्टिफिकेट मिळतं, आणि औषधाचा असर उतरला की रोग डोकं वर काढतो. म्हणून शेवटच्या टप्प्यावर बंदरात तपासण्यापेक्षा नर्सरीतच पाणी, माती, जुन्या कुंड्या, खेळत्या पाण्याच्या टाक्या यांवर लक्ष ठेवणं जास्त उपयोगी पडतं, आणि 2012 पासून लावायच्या रोपांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकही त्याच दिशेने जातं. त्यानंतरही आलेली रोपं काही काळ वेगळी ठेवायला हवीत, धोक्याच्या जातीला तर पूर्ण वाढीचा हंगाम. व्यापारी नाराज होतात, मला माहीत आहे.

प्रश्न : जो रोग शास्त्रज्ञांनाच माहीत नाही त्याची जोखीम कशी काढणार?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. अ‍ॅश झाडं वाळवणारी बुरशी घ्या. पोलंडमध्ये 1992 च्या सुमारास झाडं मरायला लागली, बुरशीचं शास्त्रीय वर्णन झालं 2006 मध्ये. चौदा वर्षं तो रोग बिननावाचा फिरत होता, आणि नाव नाही म्हणजे यादीत नाही, यादीत नाही म्हणजे अडवायला कायदा नाही. ब्रिटनमध्ये 2012 साली तो बाहेरून आणलेल्या रोपांवर सापडला आणि ऑक्टोबरच्या शेवटी आयात बंद केली, तोवर तो तिथल्या मोकळ्या रानातही पोहोचलेला होता. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय म्हणणार. तीच बुरशी पूर्व आशियातल्या तिच्या मूळ अ‍ॅशवर पानांवर राहते, फार काही करत नाही. कॅलिफोर्नियात ओक मारणाऱ्या फायटॉफ्थोराचंही तेच, झाडं मरायला लागली 1990 च्या दशकाच्या मध्यात, जिवाला नाव मिळालं 2001 मध्ये.

मग करायचं काय? एक उपाय मला फार आवडतो, पहारेकरी झाडं. आपल्याकडची झाडं परदेशात, जिथून माल येतो तिथे लावायची आणि तिथल्या कोणत्या किडी-बुरशी त्यांच्यावर चढतात ते बघायचं. जगभरातल्या वनस्पती उद्यानांत परदेशी झाडं आधीपासूनच आहेत, त्यांच्यावर नीट लक्ष ठेवलं तरी अर्धं काम होतं, आणि त्यासाठी उद्यानांचं आंतरराष्ट्रीय जाळंही आहे. दक्षिण आफ्रिकेत झाडं पोखरणारा एक बारीक भुंगा, जो स्वतःबरोबर बुरशी वाहतो आणि खोडात तिची शेती करतो, तो 2017 मध्ये असाच पीटरमॅरिट्झबर्गच्या उद्यानात लक्षात आला.

दुसरा उपाय म्हणजे परत तेच, वाट. अनोळखी रोग ज्या वाटेने येईल ती वाट तर ओळखीची आहे, मातीसकट रोप, साल असलेलं लाकूड, आपल्या झाडांच्या जवळच्या नात्यातली झाडं जिथे वाढतात तिथून येणारा माल. त्या वाटेवर अटी घाला, मग नाव माहीत असो नसो, त्यातले बरेच आपोआप अडतात. लाकूड तापवायचा नियम हे त्याचंच उदाहरण, तो कुठल्या एका भुंग्यासाठी नाही.

प्रश्न : मग रोपांची आयात सरळ बंदच का नाही करत?

जागतिक व्यापार संघटनेचा 1995 पासूनचा करार आहे, त्यात देशाला आपल्या झाडांचं रक्षण करायचा हक्क आहे पण निर्बंधाला शास्त्रीय आधार दाखवावा लागतो आणि गरजेपेक्षा जास्त अडवणूक करता येत नाही. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरतं थांबवता येतं, पण मग पुरावा गोळा करणं चालू ठेवावं लागतं. युरोपियन युनियनने डिसेंबर 2019 पासून झाडांच्या बऱ्याच जाती ‘जास्त धोक्याची रोपं’ म्हणून आधी थांबवल्या आणि निर्यात करणाऱ्याने माहिती दिली, मूल्यांकन झालं, की मग सोडायचं असं ठरवलं. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी उलटी केली. मला हे योग्य वाटतं. सध्या फायदा आणणाऱ्याचा आणि मेलेली झाडं तोडायचा खर्च नगरपालिकेचा, शेतकऱ्याचा, जंगलाचा, असं चाललंय, ते न्यायाचं नाही. सगळं बंद केलं तर मात्र लोक चोरून आणतील आणि मग तपासणीही नाही आणि नोंदही नाही.

प्रश्न : एकदा कीड आली की काही करता येतं का, की संपलंच?

लवकर सापडली तर येतं. शिकागोतला तो लांब शिंगांचा भुंगा 1998 मध्ये सापडला आणि 2008 मध्ये तो पूर्ण संपला असं जाहीर झालं. दीड हजाराहून जास्त झाडं तोडली, लोक रडले, पण झालं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात तोच 2012 मध्ये सापडला, 2019 मध्ये संपला. हा भुंगा जड आहे, फार उडत नाही, भोक मोठं पडतं म्हणून दिसतो, ते कामी आलं. उलट पाइनच्या झाडांना मारणारा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा सूक्ष्म कृमी, पोर्तुगालमध्ये 1999 मध्ये सापडला आणि अजून तिथेच आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि उडणाऱ्या भुंग्यावर बसून फिरतो.

म्हणून मूल्यांकनात आणखी एक प्रश्न घालावा असं मला वाटतं, ही कीड आली तर ती आपल्याला किती वर्षांनी कळेल? ज्या किडीला हे उत्तर दहा वर्षं असं येतं तिच्यासाठी सीमेवरच कडक असायला हवं, कारण नंतरची संधी नाही.

प्रश्न : साध्या माणसाने काय करायचं?

प्रवासातून रोप, फांदी, माती, बी आणू नका, ऑनलाइन बाहेरच्या देशातून मागवू नका, विकणारा ‘काही होत नाही’ म्हणाला तरी. जळाऊ लाकूड जिथे घेतलं तिथेच जाळा. आणि ओळखीच्या झाडावर अनोळखी काही दिसलं, शेंडा अचानक वाळला, खोडावर सारख्या आकाराची भोकं पडली, भुसा गळतोय, तर फोटो काढा, फोटोत मापासाठी नाणं ठेवा, जागा लिहून ठेवा आणि कृषी किंवा वनविभागाला पाठवा. उत्तर नाही आलं तर परत पाठवा. नमुना म्हणून फांदी तोडून गाडीतून घेऊन मात्र जाऊ नका, त्यांना तिथे येऊ द्या.